चोरओटी

शेणव्याला खळ्यावर भात झोडताना यंदा गप्पा फिरून फिरून ऑपेरावर येत. गावात कोणीही ऑपेरा पाहिलेला नव्हता. पण मुंबईच्या मोठ्या ऑपेरागृहात सरस्वती कपडेपट सांभाळत होती. सुट्टीला घरी आली की ती पदर खोचून पेंढी उचलायची आणि तिथल्या हंगामाच्या बातम्या सांगायची. कोणत्या खेळाला किती घेराचा झगा शिवला, परदेशातून आलेला जाडा गायक पडदा उघडायच्या आधी उकडलेली अंडी कशी गिळतो, दिग्दर्शकानं रागाच्या भरात खिडकीतून फेकलेला केसांचा टोप खालच्या पहारेकऱ्याच्या डोक्यावर कसा बरोबर बसला. बायका हसून हसून दमायच्या.

"नि ती बाई मरताना गाते ती?" शेजारची गंगी विचारायची. हसू आलं की तिला पेंढी खाली ठेवावी लागे.

"अर्धा तास गाते, मग मरते."

"अर्धा तास? आमची सासू मरताना पानी द्या म्हनली नि गेली."

"एवढं वरडतात तर एकीला हिकडं आन ना गो," दुसरी कोणी म्हणायची. "डुकरं तरी येनार नाय भातात."

सरस्वतीचा एक नियम होता. तो तिनं कोणाला बोलून दाखवला नव्हता. कपड्याचं बोलायचं, अंगाचं बोलायचं नाही. कपडेपटात माणूस उघडा उभा राहतो. कोणाच्या पाठीला कसला व्रण आहे, कोणाचे खांदे प्रयोगाआधी थरथरतात, हे तिच्या बोटांना कळायचं आणि बोटांतच राहायचं. शहापूरच्या शिवणवर्गात ती कापायला शिकली, भिवंडीत शर्टांच्या कॉलरी शिवल्या, एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरली आणि मग ऑपेरागृहात पोचली. तिथं तिच्याहून सफाईदार शिवणाऱ्या आल्या आणि गेल्या. ती राहिली.

यंदाच्या हंगामात मात्र हा नियम तिच्या छातीवर दगडासारखा बसला होता.

हंगामाची सुरुवात 'मिठागर' या नव्या मराठी ऑपेरानं व्हायची होती. त्यात मिठागराच्या मालकिणीचं काम इनेस पिंटो करणार होती. गोव्याची मुलगी, परदेशात शिकून नाव कमावून आलेली. तालमी सुरू झाल्यापासून तिच्याविषयी रोज काहीतरी छापून येत होतं. इनेसचं दिग्दर्शकाशी पटत नाही. इनेस तालमीत पूर्ण आवाज लावत नाही. इनेसच्या जागी दुसरी गायिका बोलावली आहे आणि ती हॉटेलात येऊन बसलीसुद्धा. यातलं शेवटचं खरं होतं. ती दुसरी गायिका रोज दुपारी प्रेक्षागृहात मागच्या रांगेत बसायची, मांडीवर शाल घेऊन, आणि इनेसबरोबर ओठ हलवायची.

गणपती होऊन गेल्यावर एके दिवशी इनेस कपडेपटात आली तेव्हा पहिल्या अंकाच्या चोळीचे आकडे लागेनात. सरस्वतीनं एकदा ओढून पाहिलं. दुसऱ्यांदा ओढलं नाही. हात तसाच ठेवून ती आरशात बघत राहिली. आरशात इनेसही तिच्याकडेच बघत होती.

"किती सोडता येईल?" इनेसनं विचारलं.

"शिवणीत माया आहे तेवढी." शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. "पहिला प्रयोग निभावेल. पुढचे आठ-दहापन. मग नवा कपडा लागेल."

"तेवढंच हवं आहे मला." इनेस खुर्चीवर बसली. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात तिनं असंच खरं सांगितलं होतं. लोकांनी फुलं पाठवली, काळजी घे म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तिचं काम दुसरीला दिलं. पुढे महिनाभरानं तिचं पोटातलं मूलही राहिलं नाही. "डॉक्टर गा म्हणते. नवरा लिस्बनहून फोन करून रोज रडतो, पण तोही गा म्हणतो. पहिला प्रयोग झाला, लोकांनी मला बघितलं, की मी स्वतः जाऊन सांगीन. त्याच्या आधी कळलं तर ती शालवाली उभी राहील. सरस्वती, तू..."

"मी नाय बोलनार," सरस्वती म्हणाली. मुंबईत ती शुद्ध बोलायची, पण अशा वेळी गावची जीभ बाहेर यायची.

ती खरोखरच बोलली नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही आणि सासूलाही नाही.

इनेसला मुंबईचं काही खाववेना. सरस्वती घरून आणलेल्या लाल भाताची पेज मुंबईच्या खोलीवर शिजवून डब्यातून न्यायला लागली. त्या पेजेवर ती बाई जगली म्हटलं तरी चालेल. शनिवारच्या पहिल्या प्रयोगाला आठवडा उरला असताना तालमीला रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा इनेस म्हणाली, "मला तुझ्या गावाला ने. तो भात जिथे होतो तिथे बसून जेवायचं आहे मला." सरस्वतीला नाही म्हणता आलं असतं. ते तिनं म्हटलं नाही, कारण तिलाही हवं होतं की या बाईनं एकदा आपलं खळं पाहावं.

इनेस गाडीनं आली. खळ्यावर पेंढ्याच्या उडवीला टेकून बसली, गंगीच्या हातची पेज दोनदा मागून प्याली. गंगीच्या आग्रहाखातर तिनं एक सूर लावला, आणि बांधावरची बगळ्यांची रांग उठून पलीकडच्या शेतात जाऊन बसली. "बघ, मी म्हनली नव्हती? डुकरंपन पळतील," गंगी म्हणाली, आणि इनेस डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. सगळं नीट चाललं होतं. दुपारी सरस्वती गाडीवाल्याला जेवायला वाढायला रस्त्यावर गेली, तिथं त्याला चाक बदलायला मदत करत बसली, आणि परत आली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

घरात पाटावर इनेस बसली होती. समोर गंगी. इनेसच्या मांडीवर हिरवा खण, मूठमूठ तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ आणि पाच फळं, त्यातला एक पेरू तर गंगीच्या घरामागच्या परड्यातला. दोन्ही मनगटांत हिरव्या काचेच्या बांगड्या. सासू, बाईजा, उंबऱ्याशी लांब बसली होती. ती विधवा, ओटीला हात लावायची नाही. काय आणि कसं ते ती तिथूनच सांगत होती आणि गंगी तसं करत होती. इनेसचा चेहरा फुलला होता. पाहुणीला निरोप देण्याची ही इथली रीत असावी, असं तिला वाटलं होतं.

ती रीत निरोपाची नव्हती. बाई गरोदर आहे हे घराबाहेर कळू द्यायचं नसतं तेव्हा, पोट दिसायच्या आधी, घरातल्या दोघी-तिघींनी गुपचूप भरायची ती चोरओटी होती.

इनेसची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती हसत हात हलवत उभी राहिली. मग आत आली.

"आई, काय केलंत हे?"

"काय केलं? भरली ओटी." बाईजा शांत होती. "पयल्यांदा भरायचीच असते."

"तुमाला कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? चुलीवर सुकट भाजली तं ती तोंड दाबून परसात पळाली. आली नि चिंच मागली. मला काय डोळे नायत?"

"मला विचारायचं ना!"

"तू सांगितलंस मला?" बाईजानं तिच्याकडे पाहिलं. "सांगितलं असतंस तं मी पोरीलाबी भायेर काढली असती."

पोर म्हणजे कुणाली, सरस्वतीची मुलगी. किन्हवलीला कॉलेजात जाणारी. ती दाराशी फोन हातात धरून उभी होती आणि आपलं काहीतरी चुकलं आहे एवढंच तिला कळलं होतं.

"आई, मी फक्त स्टेटस ठेवला," ती म्हणाली. "आमच्या घरी ऑपेराची गायिका, असं."

फोटोत सगळं होतं. खण, फळं, आणि इनेसनं हसत पुढे केलेले दोन हात. सरस्वतीनं तिला रेंज येते तिथं परसात नेऊन तो लगेच काढायला लावला. तोवर पुष्कळांनी पाहिला होता. पाहणाऱ्यांत सुयोग होता.

सुयोग सरस्वतीच्या मोठ्या बहिणीचा, शकूचा मुलगा. राहायचा धसईला. मुरबाडच्या यात्रा, तमाशे, आर्केस्ट्रे यांच्या बातम्या करता करता तो मुंबईच्या एका मनोरंजनाच्या पोर्टलला बातम्या द्यायला लागला होता. मावशी ऑपेरागृहात असल्याचा त्याला अभिमान होता. मावशी कधी काही सांगत नाही याचा रागही होता.

सोमवारी सकाळी सरस्वती ऑपेरागृहाच्या मागच्या दाराशी पोचली तेव्हा पहारेकऱ्यानं तिला थांबवलं. त्यानं ओशाळून स्वतःचा फोन तिच्यापुढे धरला. 'आवाज गेला? ऑपेराची नायिका गावठी वैदूच्या दारात.' खाली तोच फोटो. बाईजाच्या भोवती लाल गोल काढलेला. नारळ आणि तांदूळ यांवर बाण. गावातल्या एका म्हातारीकडून उतारा घेऊन इनेस पिंटो आपला गेलेला आवाज परत मिळवू पाहते आहे, असं लिहिलं होतं.

"फोटोतलं घर तुमचं हे गाडीवाल्यानं सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, ताईंना घरी थांबायला सांगा. कळवतो म्हणाले," पहारेकरी म्हणाला.

ती परत फिरली. शेणव्याला पोचेपर्यंत तिला एकच गोष्ट दिसत होती. सुयोगला फोटोतलं कळलं नव्हतं. बायकांच्या घोळक्यात मुलगा मोठा होतो, पण ओटी भरायची वेळ आली की त्याला बाहेर पिटाळतात. त्याला तांदूळ दिसले, म्हातारी दिसली, तर तो उतारा म्हणणारच. आणि ते खोटं पाडायचं तर ते काय होतं हे सांगावं लागणार होतं.

संध्याकाळी इनेसचा फोन आला. परसात, जांभळाखाली उभं राहिलं तरच रेंज यायची.

"सरस्वती, आवाजाची मला भीती नाही. उद्या पूर्ण आवाज लावीन, छत हलवीन. पण गुरुवारी कपड्यांसकट तालीम आहे. तू नसशील तर चोळीचे आकडे दुसरी कोणी लावणार."

"मी काहीतरी करते," सरस्वती म्हणाली.

"आणि एक विचारायचं आहे. या बांगड्यांचं काय आहे? कोरसमधल्या बायका माझ्या हाताकडे बघतात आणि बोलायच्या थांबतात. आज तिघी जणी थांबल्या."

मग सरस्वतीनं चोरओटीचा आणि हिरव्या बांगड्यांचा अर्थ सांगितला.

"मग काढू का?"

"नका काढू. काढल्या तर जास्त दिसेल." सरस्वती म्हणाली, "आणि त्या तशा काढायच्या नसतात."

मंगळवारी ती धसईला गेली. किन्हवली, सरळगाव, तिथं बस बदलून पुढे. बाजाराचा दिवस होता. शकू रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून वालाच्या शेंगा विकत होती. तिच्या मागच्या मोबाईलच्या दुकानात, मित्राच्या टेबलावर, सुयोगचं कार्यालय होतं.

"मावशी! ये. चहा सांगू?"

"बातमी काढ."

"मावशी, तू वाचलीस का नीट? तुझं नाव टाकलं नाय मी. गावाचंपन नाय टाकलं."

"सुयोग, बातमी काढ. खोटी आहे."

"मग खरं काय ते सांग. लगेच काढतो." तो खुर्ची ओढून पुढे आला. "नारळ आहे, तांदूळ आहे, आजी बसलीय. उतारा नाय तर काय आहे?"

"पाहुणी होती. ओटी भरली."

"पाहुणीची ओटी भरली म्हनून तुला कामावरून घरी बसवतील? मावशी, मला काय कळत नाय?"

शकू शेंगा सोडून आत आली. तिच्याकडे साधा फोन, फोटो तिनं पाहिला नव्हता. तिनं मुलाच्या हातातला फोन घेतला, लांब धरला, जवळ आणला. तिचं बोट मनगटावरच्या बांगड्यांपाशी थांबलं. मग तिनं बहिणीकडे पाहिलं. सरस्वतीनं नजर खाली घातली.

"काढ रे ती बातमी," शकू म्हणाली.

"का?"

"मी सांगते म्हनून."

"आई, कारण सांग."

"तुला सांगायचं कारन नाय ते."

सुयोग दोघींकडे आळीपाळीनं बघायला लागला. सरस्वतीला कळलं की आपण इथं येऊन चूक केली. आतापर्यंत याच्यापाशी एक खोटी बातमी होती आणि तिच्यावर तो खूश होता. आता त्याला वास लागला होता.

"म्हणजे आहे काहीतरी," तो हळू म्हणाला. "तुमी बायका एवढ्या गप म्हणजे मोठंच आहे. मावशी, पोर्टलवाले म्हणाले, या हंगामाची एक पक्की आतली बातमी दे, तुला कायमचा घेतो. मी काय आयुष्यभर यात्रांचे फोटो काढत बसू? उद्या येतो शेणव्याला. आजीलाच विचारतो."

"जा," शकू म्हणाली. "तितंच जेव मग. रात्रीचंबी तितंच जेव."

पण तो येणार होता. बसच्या खिडकीशी सरस्वती हात मांडीवर ठेवून बसली आणि बाईजाला कसं समजवायचं याचा विचार करत राहिली. बाईजा खोटं बोलत नसे. विचारलं की सांगायची, नाहीतर गप्प बसायची. त्यांतलं उद्या ती काय करेल हे सांगता येत नव्हतं.

घरी पोचल्यावर तिनं या वेळी सगळं सांगितलं. नवरा किशोर रिक्षा लावून आला होता, त्याच्यासमोर, कुणालीसमोर. तीन वर्षांपूर्वीचंही सांगितलं. बाईजा सुपातला भात पाखडत ऐकत होती. शेवटी तिनं सूप खाली ठेवलं.

"पयलं गेलंय काय तिचं?" एवढंच तिनं विचारलं.

बुधवारी सुयोगच्या आधी एक पांढरी गाडी आली. तिच्यातून रंजिता उतरली. ऑपेरागृहाच्या मोठ्या साहेबांची ती उजवा हात, कल्याणकडची, शेतकरी घरातलीच, पण आता बोलणं-चालणं सगळं काचेच्या केबिनमधलं. सरस्वती तिला सात वर्षं ओळखत होती आणि त्या सात वर्षांत दोघींत कामापलीकडे एक शब्द झाला नव्हता. कोणाला काढायचं असलं की सांगायला रंजिताच जायची.

"बसायला आले नाही," ती ओट्यावर बसत म्हणाली. "साहेबांनी पाठवलंय. इनेसनं काल जीव तोडून गायलं, आवाजाचा प्रश्न मिटला. पण मग ती इथं कशाला आली होती? कसला झाडपाला घेतला का, काही अंगारा-धुपारा? उद्या तिला रंगमंचावर काही झालं तर जबाबदारी आमची. साहेबांना आज दुपारपर्यंत उत्तर हवंय. नाहीतर शनिवारी दुसरी उभी करणार."

त्याच वेळी सुयोगची मोटारसायकल दारात थांबली. उतरता उतरता त्यानं फोन छातीजवळ धरला. त्यावर चित्रण चालू आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

"आजी, पाया पडतो," तो म्हणाला. "ऑपेरावाल्या मॅडमपन आल्यात, बरं झालं. आजी, सांग सगळ्यांसमोर. त्या बाईला काय दिलंस तू?"

गंगी तिच्या परड्यातून बघत उभी होती, हातात खुरपं.

"पेज दिली," बाईजा म्हणाली.

"आनि?"

"आनि पेज दिली. दोनदा मागली तिनं."

"आजी, ओटीत काय होतं?"

"ओटीत असतं तेच."

"आजी, ऐकलं का मी काय..."

"एक मिनिट," रंजिता म्हणाली. तिनं पर्समधून चष्मा काढला, स्वतःच्या फोनवर तो फोटो उघडला आणि मोठा केला. मुंबईत तिनं तो नक्कीच पाहिला असणार, पण तिथं बातमीचे बाण आणि लाल गोल होते. इथं ती तोच उंबरा समोर ठेवून बघत होती. तिचं बोट खणावरून गेलं, पाच फळांवरून गेलं, बांगड्यांवर थांबलं. मग तिनं फोटोत लांब उंबऱ्याशी बसलेल्या बाईजाकडे पाहिलं आणि समोरच्या बाईजाकडे.

"बांगड्या कोणी भरल्या?" तिनं विचारलं.

"मी," गंगी परड्यातून म्हणाली. "मी भरल्या. काय झालं?"

रंजितानं चष्मा काढला. सरस्वतीला वाटलं, झालं. आता ही उठेल, गाडीत बसेल, आणि संध्याकाळी ती शालवाली मिठागराची मालकीण होईल. इनेसला कोणी फुलं पाठवेल.

रंजितानं फोन लावला. रेंज नव्हती. "जांभळाखाली जा," कुणाली पुटपुटली. रंजिता परसात जांभळाखाली गेली आणि तिच्यामागे सगळे गेले, सुयोगसुद्धा, फोन तसाच छातीशी धरून.

"सर, रंजिता. हो, घरीच आहे त्यांच्या. नाही सर, वैदू वगैरे काही नाही. म्हातारी सासू आहे. ओटी भरली, पाहुणी म्हणून. आमच्याकडेही भरतात... हिरव्या? सर, हिरव्याच असतात बांगड्या. औषध काही नाही. भाताची पेज प्यायली. पोट बिघडलं होतं तिचं मुंबईच्या खाण्यानं, ती इथं पेजेसाठी आली... हो. जबाबदारी माझी." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "आणि सर, सरस्वतीला मी बरोबर आणते. उद्याचे कपडे दुसऱ्या कोणाच्यानं निघणार नाहीत. तिसऱ्या अंकाचा बदल अंधारात करायचाय."

फोन ठेवून ती सुयोगकडे वळली. "तुम्हीच का ते पोर्टलवाले?"

"हो," सुयोग सावध झाला.

"तुमची बातमी सपशेल खोटी आहे. साहेब वकिलाची भाषा बोलत होते. मी सांगते त्यांना, मुलगा आपल्या सरस्वतीच्या नात्यातलाच आहे, खरी बातमी मिळाली तर खरी लिहील. इनेस पिंटो नव्या भाताची पेज प्यायला कपडेपटातल्या बाईच्या गावी गेली, हे लिहा. त्या खळ्याचा फोटो घाला. शनिवारी प्रयोगानंतर पहिली मुलाखत तुमची. बाकी कोणाला आत सोडणार नाही. चालेल?"

सुयोगनं मावशीकडे पाहिलं. आजीकडे पाहिलं. आपल्याला काहीतरी मोठं मिळतं आहे आणि त्याच वेळी काहीतरी बोटांतून निसटतं आहे, असं त्याला वाटत असावं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"लेखी द्याल?" तो म्हणाला.

"तुझी आयशी ऐकंल हं, लेखी मागतोस ते," बाईजा म्हणाली. सुयोगनं फोन खिशात घातला.

तो खळ्याचे फोटो काढायला गेला तेव्हा गंगी त्याला उडवीवर चढून उभं राहायला सांगत होती आणि तो खरोखर चढत होता. सरस्वतीनं घाईनं पिशवी भरली. रंजिता गाडीच्या दाराशी गेली, थांबली आणि परत ओट्याशी आली. बाईजापुढे उभी राहून ती म्हणाली, "आजी, चिंच आहे का घरात? मूठभर द्या. आमच्याकडे एकीला हवी आहे."

बाईजा उठली. आत जाऊन तिनं जुन्या चिंचेचा गोळा आणला, पळसाच्या पानात बांधला आणि रंजिताच्या हातात दिला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या नाहीत.

गाडी शहापूरच्या रस्त्याला लागली. मग सरस्वतीच्यानं राहवेना.

"मॅडम, तुमाला..."

"मला काही माहीत नाही," रंजिता खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तिकीट खिडकीवरच्या दोघींनाही काही माहीत नाही. कोरसमधल्या आपल्या बायकांना नाही. आणि झाडू मारणाऱ्या मावशींना तर मुळीच नाही. त्यांनी काल इनेसच्या खोलीत आवळे ठेवले."

सरस्वतीला आधी सुटल्यासारखं वाटलं. ती मनातल्या मनात माणसं मोजायला लागली आणि मोजता मोजता थांबली. हंगामभर कोणाच्या टोपाची, कोणाच्या भांडणाची गोष्ट एका दिवसात मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पोचायची. ही रविवारपासून इतक्या जणींपाशी होती आणि तिथंच होती. अजून तीन दिवस राहायला हवी होती. एखादी कोणी आपल्या नवऱ्याला बोलली, एखादीला ती शालवाली गोड बोलून विचारून गेली, की संपलं.

"चोळीचं काय?" रंजितानं विचारलं. अजून ती बाहेरच बघत होती.

सरस्वतीनं डोळे मिटून ती शिवण आठवली. उजवीकडची सगळी सोडून झाली होती. डावीकडे काखेखाली दुमडलेलं कापड अजून शाबूत होतं. बोटांनी तिनं ते पिशवीच्या पट्ट्यावरच चाचपून पाहिलं.

"डावीकडं दोन बोटं आहेत," ती म्हणाली.

"पुरतील?"

"शनिवारपर्यंत पुरवते."

रंजितानं पळसाचं पान मांडीवर नीट ठेवलं आणि गाडीवाल्याला जरा वेगात घ्यायला सांगितलं.